जवळच्या मतपेटीला कुलूप

२०२४ या एकाच वर्षात महाराष्ट्राने दोन मोठ्या निवडणुका पाहिल्या. जालना लोकसभा मतदारसंघात १३ मे रोजी मतदान झाले, आणि विधानसभेसाठी साऱ्या राज्यात २० नोव्हेंबर रोजी. या दोन तारखांच्या मधल्या सहा महिन्यांत तरुण मतदाराची जेवढी आळवणी झाली तेवढी पूर्वी क्वचितच झाली असेल. तरुणांचे मेळावे भरले. पदवीधरांना सहा महिने दरमहा दहा हजार रुपये देणारी कार्य प्रशिक्षण योजना निघाली. प्रत्येक पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात तरुणांसाठी एक स्वतंत्र परिच्छेद राखून ठेवला. परंतु या तरुणाला मत देण्याखेरीज राजकारणात आणखी काही करावयाचे असेल, तर त्याच्यासाठी कोणते दार उघडे आहे, हा प्रश्न कोणत्याही व्यासपीठावरून विचारला गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो आम्ही येथे विचारीत आहोत, आणि मोघमपणे नव्हे तर एका गावाच्या व एका प्रकारच्या विद्यार्थ्याच्या संदर्भात विचारीत आहोत.

गाव टेंभुर्णी. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या टेंभुर्णीचे नाव अधिकांना ठाऊक असते; ही टेंभुर्णी जालना जिल्ह्यातील, जाफराबाद तालुक्यातील. बुलढाणा जिल्ह्याची हद्द येथून जवळ आहे, त्यामुळे गावाचे व्यवहार मराठवाड्याशी तसेच विदर्भाशीही जडलेले. सोयाबीन, कापूस, मका ही पिके; पाऊस आला तर वर्ष, नाही तर नाही. विधानसभेसाठी हा भाग भोकरदन मतदारसंघात मोडतो. आणि विद्यार्थी आहे विधी शाखेचा. अशाच विद्यार्थ्याची निवड करण्याचे कारण असे की राज्य कसे चालावे हे इतर विद्यार्थी वर्तमानपत्रातून वाचतात, याला मात्र ते परीक्षेसाठी पाठ करावे लागते. ते तसे चालत नाही हे त्याला इतरांच्या आधी कळते, आणि कलमाच्या क्रमांकासह कळते. येथे रेखाटलेले चित्र कोणा एका मुलाचे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. मराठवाड्याच्या खेड्यांतून विधी महाविद्यालयांत येणाऱ्या अनेकांच्या दिनक्रमातून ते जुळविलेले आहे.

असा मुलगा बहुधा बी. ए. करून तीन वर्षांच्या एलएल. बी.ला येतो. गावातून एस. टी.ने जालना, जालन्याहून छत्रपती संभाजीनगर. तिघांत मिळून एक खोली, खानावळीचा डबा, आणि खोलीत वाचणे अशक्य म्हणून महिन्याचे पैसे भरून घेतलेली अभ्यासिकेतील एक खुर्ची. शनिवारी तो गावी येतो तो विश्रांतीसाठी नव्हे. विधानसभेच्या प्रचाराचे दिवस म्हणजे सोयाबीनच्या मळणीचे व कापूस वेचणीचे दिवस. घरात एक माणूस वाढला तर एक मजुरी वाचते. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ४८९२ रुपये जाहीर झाला होता आणि बाजारात शेतकऱ्याच्या हातात त्याहून बरेच कमी पडत होते. गावात त्याला 'वकीलसाहेब' म्हणतात. त्यात थोडी थट्टा असते आणि थोडी आशा. सनद अद्याप दोन वर्षे दूर असली तरी फेरफार का अडला, बांध कोणी कोरला, पीकविम्याचा अर्ज का फेटाळला, ही सारी प्रकरणे पारावर त्याच्यापुढे येतात. तो अर्ज लिहून देतो. आम्हांला वाटते, या राज्यातील खरी कायदेविषयक मदत अशीच, फुकट आणि अर्धवट ज्ञानावर, चाललेली आहे.

या मुलाच्या पुस्तकांचीही एक गोष्ट आहे. विधी शाखेची पुस्तके महाग असतात, म्हणून तो वरच्या वर्गातील मुलांकडून जुनी घेतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा हे तिन्ही कायदे गेले आणि त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितादी तीन नवे कायदे लागू झाले. अर्ध्या किमतीत घेतलेली पुस्तके एका रात्रीत निकामी झाली. कायदे बदलू नयेत असे आमचे म्हणणे नाही. १८६० ची संहिता काही वेदवाक्य नव्हे. परंतु हे तीन कायदे २०२३ च्या डिसेंबरात संसदेने संमत केले तेव्हा दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ विरोधी सदस्य निलंबित होते. देशाच्या फौजदारी कायद्याची संपूर्ण फेरमांडणी रिकाम्या बाकांपुढे व्हावी आणि तीच कलमे टेंभुर्णीच्या मुलाने 'लोकेच्छेचे प्रकटीकरण' म्हणून पाठ करावीत, यातील विसंगती त्याला कोणा प्राध्यापकाने समजावून सांगावी लागत नाही.

सनदेचेही तसेच. अधिवक्ता अधिनियम, १९६१ ने नोंदणीचे शुल्क ठरवून दिले असताना राज्यांच्या वकील परिषदा त्याच्या कित्येक पट रक्कम निरनिराळ्या नावांनी वसूल करीत आल्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार बेकायदा ठरविला आणि सर्वसाधारण उमेदवारास ७५० व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये हीच मर्यादा असल्याचे स्पष्ट केले. हा गरीब विद्यार्थ्याचा मोठा विजय होता. तो निवडणुकीच्या ऐन हंगामात आला, आणि एकाही प्रचारसभेत त्याचा उल्लेख झाल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. पुढे २०२५ च्या मे महिन्यात त्याच न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. न्यायदानाच्या दर्जाच्या दृष्टीने तीत तथ्य असेल. मात्र तालुक्याच्या न्यायालयात ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली जवळजवळ बिनपगारी काढावयाची ती तीन वर्षे टेंभुर्णीच्या घराने कशी पेलावयाची, याचे उत्तर निकालपत्रातून मिळत नाही.

आता निवडणुकीकडे येऊ. प्रचाराचा हंगाम सुरू झाला की या मुलाला प्रथमच राजकारणाकडून बोलावणे येते. "वकीलसाहेब, भाऊंचं ते मोबाइलचं काम तेवढं तुम्ही हाती घ्या," असे म्हणणारा कार्यकर्ता प्रत्येक गावात आहे. चित्रफिती करावयाच्या, गटांवर संदेश पाठवावयाचे, समोरच्याला टोपण नावाने उत्तरे द्यावयाची. रोज ठरलेला असतो, पेट्रोल मिळते, रात्रीचे जेवण असते. आणि हा रोज कापूस वेचणीच्या मजुरीहून अधिक असतो. जो मुलगा हे काम घेतो त्याला आम्ही दोष देणार नाही. दोष असेल तर आमच्यासारख्यांचा आहे, ज्यांनी त्याला दुसरे काही काम दिले नाही. १९७७ साली मराठवाड्यात जनता पक्षाच्या सभांतून चादर फिरवून पैसे गोळा होत आणि विद्यार्थी स्वतःच्या भाकरीवर प्रचार करीत. त्या वर्षी औरंगाबादेतून डॉ. बापूसाहेब काळदाते लोकसभेवर गेले ते अशाच बळावर. ती आठवण आता सभासंमेलनांत उगाळण्यापुरती उरली आहे, आणि तिच्या उगाळण्याने आजच्या मुलाच्या एस. टी. पासाचे पैसे भरले जात नाहीत.

तथापि रोजाने राबणाऱ्या या मुलाच्या मनात काय चालते ते पाहणे उपयुक्त आहे, कारण दिवसा वर्गात त्याने लोकप्रतिनिधित्व अधिनियम वाचलेला असतो. २०२२ पासून लागू असलेल्या मर्यादेनुसार लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख रुपये खर्च करण्याची मुभा होती. तो ज्या घरातून येतो त्या घराच्या मापाने हा आकडा मोजून पाहावा. ४० लाख रुपये सोयाबीन विकून उभे करावयाचे तर, हमीभाव पूर्ण मिळाला असे धरूनही, आठशे क्विंटलांहून अधिक माल लागेल. एकरी सात-आठ क्विंटल हे कोरडवाहूत चांगले पीक. म्हणजे शंभर एकरांची एका हंगामाची सारी उपज, आणि तीही खत-बियाण्याचा खर्च शून्य मानून. ही झाली कायद्याने घातलेली मर्यादा. गावात दिसणारा खर्च या मर्यादेत बसतो की नाही, हे ठरविण्यासाठी त्याला कायद्याचे ज्ञान लागत नाही.

आणि ही मर्यादासुद्धा कशी आहे? १९७४ च्या ऑक्टोबरात कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच हिशेबात धरला पाहिजे, नाही तर मर्यादेला अर्थच उरत नाही. निकाल न्यायमूर्ती भगवतींचा. विधी शाखेच्या विद्यार्थ्याला तो अभ्यासावा लागतो. त्या निकालाची शाई वाळण्यापूर्वी, त्याच महिन्यात, केंद्र सरकारने वटहुकूम काढून तो निष्प्रभ केला आणि नंतर संसदेने त्यावर कायद्याची मोहोर उठविली. पुढे कलमात फेरफार झाले, पण पक्षाच्या एकूण खर्चावर मर्यादा नाही हे मूळ दुखणे २०२४ च्या निवडणुकांतही कायम होते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली आणि मार्चमध्ये कोणी किती दिले याच्या याद्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा कोट्यवधींचे ते आकडे अभ्यासिकेतल्या मुलांनी एकमेकांना मोबाइलवर दाखविले. दोन महिन्यांनी त्याच पैशावर उभारलेल्या मंडपांत त्यांतील काहींनी खुर्च्या मांडल्या.

पक्षांतराच्या कायद्याविषयी अधिक लिहीत नाही. १९८५ चे दहावे परिशिष्ट, २००३ मध्ये त्यातून काढून टाकलेली 'फूट' ही पळवाट, आणि त्यानंतरही २०२२ व २०२३ मध्ये महाराष्ट्रात जे घडले ते, हे सारे वाचकांच्या पुरते परिचयाचे आहे. एवढेच सांगतो की या परिशिष्टावरील प्रश्नाचे उत्तर लिहिताना विद्यार्थ्याने काय लिहावे, कायदा की निकाल की वस्तुस्थिती, असा पेच आता परीक्षकालाही पडत असेल.

परंतु आमच्या मते त्याच्या वैफल्याचे खरे मूळ पैशात नाही आणि पक्षांतरातही नाही. ते वयाच्या एका साध्या हिशेबात आहे, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

१९८९ पासून मतदानाचे वय अठरा आहे. लोकसभेला किंवा विधानसभेला उभे राहावयाचे तर पंचवीस वर्षे पूर्ण लागतात. या दोहोंच्या मध्ये, एकविसाव्या वर्षी, घटनेने तरुणाला एक दार उघडून दिले आहे आणि ते म्हणजे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद व नगरपालिका यांचे. त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीत हे वय बुद्ध्याच एकवीस ठेवलेले आहे. म्हणजे एकविसाव्यापासून पंचविसाव्यापर्यंत, जी वर्षे नेमकी विधी शिक्षणाची आणि पहिल्या वकिलीची, नागरिकाला उमेदवार म्हणून पाऊल टाकण्याची जागा केवळ स्थानिक स्वराज्य संस्थांत आहे. आणि महाराष्ट्रात नेमके हेच दार बंद करण्यात आले.

जालन्यासह राज्यातील पंचवीस जिल्हा परिषदांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. घटनेचे कलम २४३-ई सांगते की पंचायतीची मुदत पाच वर्षे, 'त्याहून अधिक नाही', आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. किशनसिंग तोमर खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकांच्या बाबतीत हेच बजावले होते की वेळेवर निवडणूक घेणे ही सवलत नव्हे, बंधन आहे. असे असता तीन वर्षांहून अधिक काळ या जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. जो मुलगा २०२२ मध्ये एकवीस वर्षांचा होता तो २०२५ मध्ये चोवीस वर्षांचा झाला. त्याचे शिक्षण संपत आले, लग्नाच्या गोष्टी निघू लागल्या, आणि त्याच्या आयुष्यातील जिल्हा परिषदेची अशी एकही निवडणूक आली नाही की जिला तो उभा राहू शकला असता.

हे कसे घडले याची कहाणी थोडक्यात अशी. इतर मागासवर्गीयांच्या स्थानिक संस्थांतील आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी खटल्यात तीन कसोट्या लावल्या: स्वतंत्र आयोग, प्रत्यक्ष माहिती, आणि पन्नास टक्क्यांची एकूण मर्यादा. माहिती गोळा करण्यास शासनाने विलंब लावला. बांठिया आयोगाचा अहवाल २०२२ च्या जुलैत न्यायालयापुढे आला आणि त्या आधारे निवडणुका घेण्याची मोकळीकही मिळाली. मग प्रभागांच्या संख्येचा व रचनेचा वाद उभा राहून 'जैसे थे'चा आदेश आला. मधल्या काळात, २०२२ च्या मार्चमध्ये, प्रभाग रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून शासनाकडे घेणारी विधेयके विधिमंडळाने सत्ताधारी व विरोधक दोघांच्या संमतीने पार केली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष ज्या थोड्या गोष्टींवर एकत्र आले त्यांत ही एक होती, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे फर्माविले, आणि सप्टेंबरमध्ये ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिली. नगरपरिषदांसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान सुरू झाले तेव्हा प्रशासकीय राजवटीची वर्षे मोजून लोक थकले होते.

आरक्षणाचा प्रश्न खरा होता, हे आम्ही नाकारीत नाही. इतर मागासवर्गीयांना वगळून निवडणुका व्हाव्यात असे आम्ही कधीही म्हटले नाही. पण प्रश्न खरा असणे आणि तो सोडविण्याची घाई कोणालाच नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवडून आलेला सदस्य नसताना निधी थांबत नाही. तो आमदारांच्या शिफारशीने, पालकमंत्र्यांच्या नियोजनाने आणि प्रशासकाच्या सहीने खर्च होत राहतो. वाटेतला एक वाटेकरी कमी झाला, याचे दुःख वरच्यांना कशाला होईल? दुःख झाले ते खाली. शाळेत शिक्षक नाही, आरोग्य केंद्रात डॉक्टर थांबत नाही, पावसाळ्यात पूल वाहून गेला, अशा गोष्टींसाठी पूर्वी माणूस सकाळी गटाच्या सदस्याच्या ओसरीवर जाऊन बसे. तो सदस्य चांगला असो वा वाईट, पाच वर्षांनी पुन्हा दारात येणार हे ठाऊक असल्याने निदान ऐकून घेई. प्रशासकाची ओसरी जालन्याला असते आणि त्याला पुन्हा कोणाच्या दारात यावयाचे नसते.

मुलींच्या बाबतीत हे नुकसान अधिक मोठे आहे. महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. विधी महाविद्यालयांत आता मुलींची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी असते. खेड्यातून येऊन कायदा शिकलेली मुलगी जिल्हा परिषदेत बसली तर सभागृहाचे स्वरूप पालटेल, 'सदस्यांचे पती' या अनधिकृत पदाचाही निकाल लागेल. तिच्यापुढची ही जागा तीन वर्षे अस्तित्वातच नव्हती. आणि वरच्या सभागृहांसाठी २०२३ मध्ये केलेले स्त्रियांचे आरक्षण जनगणनेच्या व मतदारसंघांच्या पुनर्रचनेच्या अटीला बांधून ठेवल्याने २०२४ च्या दोन्ही निवडणुका त्यावाचूनच झाल्या.

आमच्या राज्यात सत्तेचा जिना कसा होता हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. विलासराव देशमुखांच्या राजकारणाशी आमचे मतभेद सर्वश्रुत आहेत. तरी हे नमूद केले पाहिजे की पुण्यात कायद्याचे शिक्षण घेतलेला हा मराठवाड्याचा तरुण प्रथम बाभळगावचा सरपंच झाला, मग जिल्हा परिषदेत गेला, १९८० साली आमदार झाला आणि १९९९ मध्ये मुख्यमंत्री. सरपंचपद आणि मुख्यमंत्रिपद यांच्यामध्ये पंचवीस वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात पायऱ्या आहेत. मधल्या पायऱ्या काढून घेतल्या तर वर कोण पोहोचेल? ज्याला कोणी खांद्यावर उचलून घेईल तो, म्हणजे घरातला मुलगा, सून, पुतण्या. घराणेशाहीविरुद्ध भाषणे करणाऱ्यांनी या जिन्याची चौकशी करावी.

दुसरे दार महाविद्यालयाचे. तेही बंद आहे, आणि अधिक काळ बंद आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष निवडणुका होत असत. १९९० च्या दशकाच्या आरंभी हिंसाचाराचे कारण देऊन त्या थांबविण्यात आल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने परीक्षेतील गुणांवर वर्गप्रतिनिधी नेमण्याची रीत आणली. पहिला आलेला मुलगा प्रतिनिधी! हाच नियम विधानसभेला लावावा असे कोणी सुचविल्याचे ऐकिवात नाही. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका पुन्हा मान्य केल्या. २०१९ साली त्या घेण्याचे ठरले, आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर आल्याचे कारण देऊन त्या पुढे ढकलण्यात आल्या. नंतर करोनाची साथ आली. साथ ओसरली, पण मतपेट्या बाहेर आल्या नाहीत; २०२४ मध्ये, कायदा होऊन आठ वर्षे झाली तरी, स्थिती तीच होती. विद्यार्थ्यांनी देशाचे सरकार निवडावे, वसतिगृहाच्या पाण्याबद्दल बोलणारा प्रतिनिधी मात्र निवडू नये, असा हा न्याय आहे.

विद्यार्थ्यांच्या निवडणुकांत मारामाऱ्या होतात, हा आक्षेप पोकळ नाही, आणि मराठवाड्याच्या विद्यार्थी चळवळीचा इतिहास सारा उजळ आहे असा भाबडेपणाही आम्ही करणार नाही. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी उभे केले, त्याचा अभिमान आहे. पण २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव करताच जी आग पेटली, दलितांची घरे जळाली, त्या आगीत विद्यार्थीही होते. नामांतराच्या बाजूने मार खाणारेही विद्यार्थीच होते. नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. तेव्हा विद्यार्थ्यांचे राजकारण म्हणजे पावित्र्य नव्हे. परंतु त्या काळात दोन्ही बाजूंना समोरासमोर बोलावे लागत होते, वर्गात मते मागावी लागत होती. आणि हिंसेचा व पैशाचा बंदोबस्त कसा करावा, याचे उत्तरही उपलब्ध आहे. लिंगडोह समितीच्या शिफारशी २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने लागू केल्या. त्यांत उमेदवाराला पाच हजार रुपयांहून अधिक खर्च करता येत नाही, छापील भित्तिपत्रके लावता येत नाहीत, हाताने लिहिलेलीच चालतात. पाच हजार आणि हस्तलिखित फलक! टेंभुर्णीच्या मुलाला परवडेल अशी ही एकमेव निवडणूक आहे.

या दोन दारांना कुलूप असल्यावर तरुणाचा राग कोठे जातो, हे जालना जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला दाखविले. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत उपोषणकर्त्यांच्या मंडपात लाठ्या चालल्या आणि मराठा आरक्षणाचे आंदोलन राज्यभर पसरले. २०२४ च्या जूनमध्ये त्याच जिल्ह्यात वडीगोद्रीला इतर मागासवर्गीयांचे उपोषण झाले. दोन्ही गावे अंबड तालुक्यातील. विधी महाविद्यालयात इंद्रा साहनी खटला शिकविला जात असताना खोलीतले दोघे मित्र एकमेकांशी त्यावर बोलेनासे होतात, डबा वेगवेगळा उघडतात, ही गोष्ट प्रचारसभांत दिसत नाही पण ती घडलेली आहे. दोघांच्याही घरी सोयाबीन तेच, भाव तोच. दोघांनाही न्यायाधीशाच्या परीक्षेचीच आशा. त्यांना एकत्र बसून भांडता येईल अशी सभा गावात नव्हती, तालुक्यात नव्हती, महाविद्यालयात नव्हती. होते ते दोन उपोषणांचे मंडप आणि मोबाइलवरचे दोन गट. ज्या पंचायत समितीत दोन्ही समाजांचे सदस्य एका टेबलाशी बसून टँकरचे वाटप ठरवीत, तेथे त्या काळात एक अधिकारी बसून आदेश काढीत होता.

आमच्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे पाहण्याची रीत बदलली पाहिजे. निवडणूक आली की विद्यार्थ्यांना हाक मारावयाची आणि निकाल लागला की विसरावयाचे, ही इतर पक्षांची रीत आपल्याकडेही शिरली आहे. रोज देण्याची ऐपत नाही एवढाच फरक. कायदा शिकणारा मुलगा आपल्याजवळ पैशासाठी येणार नाही, आणि भाषणासाठीही येणार नाही. त्याने हजार भाषणे ऐकली आहेत. त्याला त्याच्या विद्येचे काम द्यावे. प्रशासकीय राजवटीच्या काळात आपल्या गटात कोणती कामे मंजूर झाली, कोणाच्या शिफारशीने, किती रकमेची, ही माहिती २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने मागता येते. अर्ज कसा लिहावा हे त्याला येते. ग्रामसभेची नोटीस निघाली नाही, कोरम नसताना ठराव लिहिला गेला, तर कोठे तक्रार करावयाची हेही त्याला शोधता येते. ग्रामसभा ही अशी एकच सभा आहे की जिच्यात बसावयाला निवडून यावे लागत नाही. पारावर तो जी प्रकरणे फुकट चालवितो त्यांतली निम्मी तेथे नेता येतील. आणि मराठा व इतर मागासवर्गीय असे दोन्ही घरांतले विद्यार्थी ज्यात एका सतरंजीवर बसतील असे अभ्यासवर्ग तालुक्याच्या गावी पुन्हा सुरू करावे लागतील. पूर्वी ते राष्ट्र सेवा दलाच्या आपल्या कार्यकर्त्यांना अवघड वाटत नव्हते.

त्याचबरोबर दोन मागण्या घेऊन आपण उघडपणे उभे राहिले पाहिजे. पहिली, प्रभाग रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाच्या हाती असावेत आणि स्थानिक संस्थांची मुदत संपल्यावर प्रशासकाला बसविण्याची कायद्यातील वाट अरुंद करावी. तो सहा महिन्यांहून अधिक बसता कामा नये. दुसरी विद्यार्थी परिषदांची. विद्यापीठे पुढील शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक उन्हाळ्यातच ठरवितात. सत्र कधी सुरू होणार, परीक्षा कधी, सुट्ट्या कधी, सारे त्यात छापलेले असते. त्याच पत्रकात विद्यार्थी परिषदेच्या मतदानाची तारीख छापली जावी, आणि ती विधानसभा, लोकसभा वा अन्य कोणत्याही निवडणुकीसाठी पुढे ढकलता येऊ नये. ज्या महाविद्यालयांत आपले विद्यार्थी आहेत तेथील प्राचार्यांना व कुलगुरूंना या आशयाची निवेदने वेळापत्रक पक्के होण्यापूर्वी पोहोचली पाहिजेत. ती हाताने लिहिलेली असली तरी चालतील.